सोलिंगनचे पाते, पण संगीन कोणाची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या लष्करी वस्तूंवरचे मजकूर वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. सोबत एखाद्या संगिनीचे छायाचित्र असते आणि खाली ओळ असते, ‘जर्मन बनावटीची, पहिल्या महायुद्धातील संगीन’. पात्यावर ‘सोलिंगन’ हे नाव दिसले, एवढ्याच आधारावर ही ओळ बहुतेक वेळा लिहिलेली असते. काही संग्रहालयांच्या फलकांवरही हाच प्रकार आढळतो. अशी ओळख एकदा छापली गेली की पुढचे सगळे तीच उतरवून घेतात आणि ती वस्तू कायमची चुकीच्या देशाच्या नावावर जमा होते. परदेशी मागणीवरून बनवलेल्या संगिनींच्या बाबतीत तर हे हमखास घडते. म्हणून ओळख पटवण्याची रीत थोडी तपशिलात मांडत आहे.

सोलिंगन हे जर्मनीतले पात्यांचे गाव. तिथल्या कारखान्यांनी जर्मन सैन्यासाठी जितक्या निष्ठेने पाती घडवली, तितक्याच निष्ठेने अर्जेंटिना, चिली, तुर्कस्तान यांच्यासाठीही घडवली. वायर्सबर्ग आणि किर्शबाउम ही दोन घराणी १८८३ मध्ये एकत्र आली. मुकुटधारी राजाचे मस्तक आणि सरदाराचे शिरस्त्राण ही त्यांची जोडखूण अनेक देशांच्या संगिनींवर सापडते. जर्मनीतल्याच सूल गावची झिमसन कंपनी पोर्तुगाल आणि स्पेनसाठी माल बनवत होती. ऑस्ट्रियातल्या श्टायरच्या कारखान्याचा ‘ओई’ खाली ‘डब्ल्यूजी’ असा ठसा रुमानियाच्या संगिनींवर आहे. बेल्जियममधल्या हेर्स्तालचा एफएन हा शस्त्रकारखाना आणि चेकोस्लोव्हाकियातली ब्रनोची शस्त्रशाळा यांचा तर दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला मोठा व्यवसायच निर्यातीचा होता. तेव्हा पात्यावरचे नाव फक्त कारागीर सांगते. संगीन कोणी घडवली, कोणाच्या मागणीवरून घडवली आणि शेवटी कोणी वापरली, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे एकच असतील असे गृहीत धरले की घोटाळा सुरू होतो.

ब्रिटिश १९१३ नमुन्याच्या संगिनीवरून हे चांगले समजते. अमेरिकेत रेमिंग्टन आणि विंचेस्टर या कंपन्यांनी ती ब्रिटनच्या मागणीवरून बनवली. अमेरिका स्वतः १९१७ मध्ये युद्धात उतरली तेव्हा उरलेल्या संगिनींवरचे ब्रिटिश ठसे रद्द करून त्यांवर अमेरिकी ठसे मारले गेले, आणि तोच नमुना ‘१९१७’ या नावाने अमेरिकी सैन्यात रुजू झाला. पुढे १९४० मध्ये अमेरिकेने १९१७ च्या रायफली ब्रिटनच्या होमगार्ड या स्वयंसेवी संरक्षण दलासाठी पाठवल्या. म्हणजे अमेरिकेत ब्रिटिश नमुन्यावर घडलेली आणि अमेरिकी ठशांची संगीन ब्रिटिश हातात सापडू शकते. या सगळ्या प्रवासाच्या खुणा त्या एका पात्यावर वाचता येतात, मात्र वाचणारा पहिल्याच नावाशी थांबला नाही तर.

आता क्रमाबद्दल. ठसे सगळ्यात शेवटी वाचावेत. ठसा घासला जातो, बदलला जातो, खोटाही मारता येतो. घडण सहसा खोटे बोलत नाही. म्हणून आधी मापे घ्यावीत: एकूण लांबी, परजेच्या (मूठ आणि पाते यांमधल्या आडव्या पट्टीच्या) पुढच्या बाजूपासून टोकापर्यंत सरळ रेषेत पात्याची लांबी, परजेलगत पात्याची रुंदी आणि जाडी, मुठीतल्या खाचेची लांबी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नळीच्या कडीचा, अर्थात परजेवरच्या ज्या कड्यातून रायफलीची नळी जाते त्याचा, आतला व्यास. हा शेवटचा आकडा पट्टीने मिळत नाही. आतल्या मापाच्या जबड्यांची कॅलिपर लागते आणि माप दोन दिशांनी, एकदा उभे व एकदा आडवे, घ्यावे लागते. वापराने किंवा आपटून कडी लंबगोल झालेली असते. एकाच दिशेने घेतलेले माप अर्ध्या मिलिमीटरने फसवते, आणि अर्धा मिलिमीटर म्हणजे इथे दुसरी रायफल.

कडी एवढी बोलकी का, तर ती ज्या नळीवर बसायची त्या नळीचा व्यास तिच्यात गोठलेला असतो. ब्रिटिश १९०७ नमुन्याची कडी सुमारे १६.५ मिमीची असते. चेक ‘व्हीझेड २४’ या नमुन्याची साधारण १५ मिमीची. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नाटो पद्धतीच्या रायफलींसाठी ती २२ मिमीच्या घरात जाते, कारण ती नळीवर न बसता पुढच्या ज्वाळारोधकावर बसते. कडीच्या आत वेगळ्या धातूची किंवा वेगळ्या रंगाची बारीक बांगडी बसवलेली दिसली, तर ती संगीन नंतर दुसऱ्या, बारीक नळीच्या रायफलीसाठी जुळवून घेतलेली आहे. अशा वेळी मूळ कडीचे आणि बांगडीचे, दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. पहिला आकडा जन्माचा, दुसरा नंतरच्या नोकरीचा.

कडी मुळातच नसेल तर तोही पुरावा आहे. जर्मनीच्या १८९८ च्या रायफलीसाठीच्या नेहमीच्या संगिनींना पूर्ण कडी नसते. मुठीतली लांब खाच नळीखालच्या लांब दांडीवर सरकते आणि संगिनीचा सगळा भार तीच पेलते. परजेवर कडीच्या जागी फार तर दोन छोटे कान उभे असतात. त्यामुळे जर्मन माउझर रायफलींच्या वळणाची, सोलिंगनचे नाव असलेली, पण गोल पूर्ण कडीची संगीन समोर आली की पहिला संशय निर्यातीचा घ्यावा. याला अपवाद आहेत. १८७१ आणि १८७१/८४ च्या जुन्या जर्मन संगिनींना कडी होती, आणि महायुद्धातल्या घाईत बनवलेल्या पत्र्याच्या मुठीच्या कामचलाऊ संगिनींनाही ती सापडते. पण त्यांची बाकीची घडण इतकी वेगळी आहे की गल्लत होण्याचे कारण नाही.

धार कोणत्या बाजूला आहे हे पाहायला विसरू नये. संगीन रायफलीला लावली आहे अशी कल्पना करावी. नेहमीच्या संगिनीची धार खाली, म्हणजे कडीच्या उलट बाजूला येते. ऑस्ट्रियाच्या १८९५ च्या मानलिखर संगिनीची आणि चेक व्हीझेड २४ ची धार वर, कडीच्या बाजूला असते. व्हीझेड २४ चे पाते ३० सेंटिमीटरचे. जर्मनांनी चेकोस्लोव्हाकिया ताब्यात घेतल्यावर त्यांना ही कडी नको होती, म्हणून अनेक संगिनींची कडी कापून टाकली गेली. परजेच्या माथ्यावर कानशीने सपाट केलेली जागा दिसली आणि धार वर असली, तर ही शक्यता आधी तपासावी. मानलिखर संगिनीच्या कडीवर कधी छोटी माशी, म्हणजे नेमाची खूण, बसवलेली असते. ती आखूड रायफलीच्या संगिनीची. संगीन लावल्यावर गोळीचा नेम सरकतो, म्हणून ही दुसरी माशी.

पात्यावरची पन्हळ, म्हणजे अंगावरची लांब खोलगट चर, कुठे संपते, याकडे फार कमी लोक पाहतात. मूळ लांबीच्या पात्यावर पन्हळ टोकाच्या बऱ्याच आधी, हळूहळू उथळ होत संपते. ती थेट टोकाच्या उतारात जाऊन तुटत असेल, तर पाते नंतर आखूड केलेले आहे. तुर्कस्तानने आपल्या जुन्या लांब माउझर संगिनी मोठ्या प्रमाणावर अशा आखूड केल्या. ब्रिटिश १९०७ नमुन्याचे ४३ सेंटिमीटरचे पाते भारतात दुसऱ्या महायुद्धात सुमारे ३० सेंटिमीटरवर आणले गेले. त्यातल्या काही कापून केलेल्या आहेत, तर काही मुळातच आखूड घडवलेल्या. त्यांवर ईशापूरच्या कारखान्याचा ‘आरएफआय’ असा ठसा असतो. आखूड केलेल्या पात्याची लांबी कोष्टकाशी ताडत बसले तर कोणताच नमुना जुळत नाही आणि माणूस ‘दुर्मीळ प्रकार’ म्हणून मोकळा होतो. दुर्मीळ काही नसते, कापलेले असते.

मुठीचेही तसेच. लाकडी फळ्या स्क्रूने बसवल्या आहेत की रिव्हेटने, त्यांना आडवे काप आहेत का, मूठ ओतीव धातूची आहे का, हे लिहून ठेवावे. ब्रिटिश १९१३ नमुन्याच्या मुठीवर दोन आडवे खोल काप असतात. १९१३ च्या संगिनीच्या रायफलीला १९०७ ची संगीन बसत नाही, हे शिपायाला अंधारात बोटाने कळावे म्हणून ते पाडले. अर्जेंटिनाच्या १८९१ च्या संगिनीची मूठ ओतीव ॲल्युमिनियमची, तर १९०९ ची लाकडी. फ्रान्सच्या १८७४ च्या ग्रा संगिनीची मूठ लाकडी, तिचे बोंड (मुठीचे मागचे टोक) पितळी आणि पाते इंग्रजी ‘टी’ आकाराच्या छेदाचे, ५२ सेंटिमीटरचे. फ्रेंच सरकारी शस्त्रशाळेत बनलेल्या ग्रा संगिनीच्या पाठीवर शस्त्रशाळेचे नाव, महिना आणि वर्ष वळणदार अक्षरात कोरलेले असते. ग्रीसने ग्रा रायफली श्टायरमध्ये बनवून घेतल्या होत्या. म्हणून पाठीवर फ्रेंच शस्त्रशाळेऐवजी दुसरेच नाव दिसले, किंवा पाठ कोरी निघाली, तर तिला फ्रेंच सैन्याची संगीन म्हणण्याची घाई करू नये.

एवढे झाले की ठशांकडे वळावे. पहिली चूक वर्षाची होते. ब्रिटिश संगिनीवरचे ‘१९०७’ हे नमुन्याचे वर्ष आहे, बनवल्याचे नव्हे. बनवल्याचा महिना आणि वर्ष त्याखाली लहान अक्षरात असते; उदाहरणार्थ ‘५’ आणि ‘१७’, म्हणजे मे १९१७. ‘मोदेलो अर्जेंतिनो १८९१’ यातलेही वर्ष नमुन्याचेच. ब्रिटिश पात्याच्या दुसऱ्या बाजूला सरकारी मालकीचा रुंद बाण, पाते वाकवून तपासल्याची फुली आणि तपासनिसाचा मुकुटाखाली आकडा असलेला ठसा असतो. दोन बाण टोकाला टोक लावून उभे दिसले की ती संगीन सरकारने सेवेतून काढून विकलेली आहे.

जर्मन सैन्यासाठी बनलेल्या पात्याच्या पाठीवर मुकुट, त्याखाली राजाचे आद्याक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. परजेवर पलटणीचा ठसा असेल तर तो ‘८४. आर. ६. १२०’ अशा घाटाचा, म्हणजे ८४ वी पायदळ रेजिमेंट, सहावी कंपनी, शस्त्र क्रमांक १२०. हे दोन्ही नसतील आणि कारखान्याचे नाव मात्र ठसठशीत असेल, तर ती जर्मन सैन्यात कधी गेलीच नसावी. नुसत्या सोलिंगनच्या नावापेक्षा ही अनुपस्थिती जास्त सांगते.

मागणी कोणत्या देशाची होती, हे शोधायला राष्ट्रचिन्हे आणि आकड्यांची लिपी उपयोगी पडते. चंद्रकोर, तारा किंवा सुलतानाची तुघ्रा, म्हणजे नक्षीदार सही, दिसली तर तुर्कस्तान. सूर्य आणि सिंह असेल तर इराण. दोन शेपटांचा छोटा सिंह, शेजारी ‘ई’ अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे हा मात्र चेक तपासणीचा ठसा आहे. तो मालकाचा नव्हे. अरबी वळणाचे आकडे असतील तर चार, पाच आणि सहा हे तीन अंक नीट पाहावेत, कारण फारसीत ते वेगळ्या वळणाने लिहिले जातात. तेवढ्यावरून तुर्की आणि इराणी माल वेगळा करता येतो. तुर्की शस्त्रावर ‘एएस. एफए.’ अशी रोमन अक्षरे असतील तर तो ठसा १९२८ नंतरचा, कारण त्याच वर्षी तिथे लिपी बदलली. पाते त्याहून तीस-चाळीस वर्षे जुने असू शकते.

सनांचे हिशेब चुकतात ते वेगळेच. ओस्मानी, म्हणजे जुन्या तुर्की साम्राज्याच्या, रूमी सनात ५८४ मिळवायचे: १३०६ म्हणजे १८९०. इराणी सौर सनात ६२१: १३१० म्हणजे १९३१. सयामच्या (आजच्या थायलंडच्या) नमुन्यांची नावे बौद्ध सनाच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून पडली आहेत. ‘४६’ म्हणजे २४४६, त्यातून ५४३ वजा करून १९०३. त्या नमुन्याची शस्त्रे जपानमध्ये बनली. जपानी ‘तीस’ नमुना म्हणजे मेइजी ३०, अर्थात सम्राट मेइजीच्या राजवटीचे तिसावे वर्ष, १८९७. चिनी प्रजासत्ताकाच्या सनात १९११ मिळवायचे, म्हणून ‘२४’ चे १९३५ होतात. यातला एक सन दुसऱ्याच्या हिशेबाने वाचला तर संगिनीचे वय काही वर्षांनी, कधी शतकांनीही चुकते.

शेवटचा वापरणारा सहसा सगळ्यात लहान ठशात लपलेला असतो. चौकटीतले ‘एसए’ म्हणजे फिनलंडचे सैन्य. रशियन, अमेरिकी, फ्रेंच बनावटीच्या, मोसिन या रशियन नमुन्याच्या रायफलींवर ते सापडते. जर्मन गरुडाच्या तपासणी-ठशाच्या जोडीला हिब्रू अक्षर असेल तर ती संगीन १९४८ नंतर इस्रायलच्या हाती गेलेली आहे.

आणि ठसा घासून काढलेला असेल तर? अर्जेंटिनाने जुनी शस्त्रे विकताना त्यांवरचे राष्ट्रचिन्ह घासून टाकले. म्हणून पोलादाची सरळ पट्टी पात्यावर टेकवून प्रकाशासमोर धरावी. घासलेल्या जागी पट्टीखालून उजेडाची बारीक फट दिसते. त्या जागेचा रंगही वेगळा असतो, कारण मूळचा काळपट मुलामा तिथून गेलेला असतो. घासलेली जागा ही खोड नसून पुरावा आहे. मोकळी जागा कुठे आहे, केवढी आहे, गोल आहे की लांबट, एवढ्यावरूनही कोणते चिन्ह होते याचा अंदाज बांधता येतो.

खोट्या ठशाची परीक्षा याच्याच जवळची आहे. खरा ठसा हातोड्याने मारलेला असतो. धातू बाजूला सरकून कडेला सूक्ष्म उंचवटा येतो आणि मुलामा ठशाच्या तळापर्यंत उतरलेला असतो. नंतर कोरलेल्या किंवा आम्लाने खाल्लेल्या ठशाचा तळ सपाट आणि उजळ दिसतो. ओतीव नकलेत अक्षरांचे कोपरे गोलसर आणि मऊ असतात. भिंग दहापट असले तरी पुरते.

आता ज्याने सर्वाधिक नुकसान होते ते. संगीन सापडली की लोक आधी ती चमकवतात. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, मशिनवरचे चाक, आम्लाचे द्रावण, काहीही वापरले जाते आणि ओळख सांगणारे ठसे कायमचे जातात. आम्ल ठशाच्या पातळ कडा सर्वांत आधी खाते. चाक राष्ट्रचिन्ह अर्ध्या मिनिटात पुसते. लाकडी मूठ पॉलिश पेपरने घासली की फळीवर दाबलेले पलटणीचे आकडे जातात. इतके जपून पार पडलेले शस्त्र आपल्याच हातून मुके व्हावे, याचे फार वाईट वाटते. गंज असेल तर यंत्राचे पातळ तेल लावून रात्रभर ठेवावे आणि सुटलेला गंज बांबूच्या काडीने खरवडावा. ठशाच्या जागी पोलादी लोकरही लावू नये.

ठसा वाचण्यासाठी घासण्याची गरजच नसते. खोलीत अंधार करून बॅटरी पात्याला जवळजवळ चिकटवून, अगदी तिरकी धरावी आणि चहूबाजूंनी फिरवावी; एका दिशेने न दिसणारी रेघ दुसऱ्या दिशेने उठून दिसते. कोरडी टाल्क पावडर बोटाने दाबून वरची पुसून टाकली तर खोलातली अक्षरे पांढरी दिसतात. पीठ वापरू नये, ते ओल धरते. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलने घेतलेला छाप छायाचित्रापेक्षा कधीकधी स्पष्ट येतो. मुठीच्या फळ्या स्क्रूच्या असतील तर त्यांखालच्या पोलादावर ठसे असू शकतात. पण स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारे पेचकस नसेल तर हात लावू नये. खाच एकदा चिरली की पुढच्या अभ्यासकाची वाटही बंद होते. रिव्हेटच्या मुठी उघडूच नयेत.

म्यानावरून संगीन ओळखू नये. म्याने कोठारात सर्रास अदलाबदल झाली आहेत. म्यानावरचा आणि परजेवरचा क्रमांक एकच निघाला तरच जोडी मूळची समजावी. क्रमांक वेगळे असले तरी म्यान फेकू नये. त्याची स्वतंत्र नोंद करावी. चामड्याच्या म्यानात मात्र संगीन ठेवू नये. कमावलेल्या चामड्यातले आम्ल आणि ओल पात्याला गंज चढवतात, आणि नेमका परजेलगतचा ठशांचा भाग त्यात सर्वांत आधी सापडतो.

आपल्या वर्तमानपत्राला एक विनंती. वाचकांकडून अशा वस्तूंची छायाचित्रे येतात तेव्हा एका बाजूच्या लांबून काढलेल्या फोटोवर ओळख छापू नये. पात्याच्या दोन्ही बाजू, पाठ, परजेचे दोन्ही अंग, कडी समोरून, मुठीचे बोंड आणि म्यानाचे तोंड एवढी छायाचित्रे मागवावीत. एकूण लांबी, पात्याची लांबी आणि कडीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये लिहून मागावा. तेवढे नसेल तर ओळीत ‘संगीन, घडणावळ सोलिंगन’ असे लिहावे आणि देशाची जागा रिकामी ठेवावी. ती पुढे भरता येते. चुकीचे नाव पुसायला वर्षे लागतात.

आपला,
जुन्या लष्करी शस्त्रांचा एक अभ्यासक